आईची गाठ तशीच ठेवून आधी किमो? मग ऑपरेशन नेमकं कधी?

कर्वेनगरची_चिमणी | ९ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार. मी इथे एरवी वाचनमात्र असते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

आई ६१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. दिवाळीत अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. तीन आठवडे कुणाला बोलली नाही. का, तर "तुझी सुट्टी कशाला खराब करू म्हटलं." मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईची बायॉप्सी, पेट स्कॅन अशी सगळी वरात झाली. गाठ ४ सेंटिमीटर, काखेत एक छोटी गाठ, बाकी शरीरात कुठे काही नाही. रिपोर्टवर 'हर-टू पॉझिटिव्ह', म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त, त्यावर किमोबरोबर वेगळं इंजेक्शन असतं म्हणे.

आम्ही ऑपरेशनची मनाची तयारी करून, रजेचे अर्ज टाकून तारीख घ्यायला गेलो, तर सर्जन म्हणाले, "आत्ता मी हात लावणार नाही. आधी सहा किमो, मग मी." म्हणजे ऑपरेशन नको असं सर्जनच सांगतोय! घरी सासवडहून मामा येऊन बसले होते. ते भडकलेच. "घरात साप निघाला तर आधी ठेचायचा का त्याला दूध पाजत बसायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, गाठ समोर दिसतेय, काढता येतेय, तर साडेचार महिने अंगात ठेवायची कशाला? अनुभवी लोकांनी आणि डॉक्टर मंडळींनी प्लीज लिहा. आई झोपलीये, मी जागी आहे.

---

तिरकस_पेठकर | ९ जानेवारी, रात्री ११:४८

मामांना विचारा, साप एकटाच होता का पिल्लं घरभर गेलीत? एकटा असेल तर काठी. पिल्लं असतील तर आधी धुरी.

काळजी घ्या. डॉक्टर लोक सकाळी येतील, झोपा आता.

---

निवृत्त_चिमटा | १० जानेवारी, सकाळी ६:५०

पेठकर, आयुष्यात पहिल्यांदा तुमचं पटलं.

चिमणीताई, मी ३४ वर्षं कापाकापी केली, त्यातली बरीचशी कॅन्सरचीच. तेव्हा सर्जनच्या बाजूने बोलतो, आणि सर्जनच्या अहंकाराविरुद्धही.

ऑपरेशन ही जागेवरची ट्रीटमेंट आहे. जिथे सुरी पोचते तिथलंच ती साफ करते. गाठ ४ सेंमीची झाली आणि काखेत उतरली, याचा अर्थ काही पेशी रक्तातून इकडेतिकडे फिरून आल्याची शक्यता बरीच आहे. पेट स्कॅनला त्या दिसत नाहीत, कारण स्कॅनला दिसायला कोट्यवधी पेशींचा पुंजका लागतो. त्या पिल्लांवर औषधच चालतं.

हे आम्हा सर्जन लोकांना पटायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. अमेरिकेत हॉलस्टेडने १८९४ साली आपल्या ऑपरेशनचे निकाल छापले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या सगळ्या गाठी, सगळं एका तुकड्यात खरवडून काढायचं. कॅन्सर पायरीपायरीने पसरतो, तेव्हा जितकं जास्त कापाल तितका बरा, हा त्यामागचा विश्वास. मी एमएस करत होतो तेव्हाही अशा बायका फॉलोअपला यायच्या. कातडीखाली फासळ्या मोजून घ्याव्यात अशी छाती, आणि हात सुजून लाकडी. एक आजी तो हात पदराखाली झाकून बसायच्या, मला अजून दिसतात.

मग बर्नार्ड फिशर नावाचा सर्जन आला आणि त्याने आपल्याच जातभाईंना उलटं विचारलं. १९७६ साली त्याच्या गटाने चाचणी सुरू केली, १८५१ बायकांवर. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढली, काहींची गाठ काढून वर रेडिएशन दिलं. २० वर्षांनी, २००२ मध्ये, हिशेब छापला तेव्हा तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच. फक्त गाठ काढलेल्यांत त्याच स्तनात आजार परतला ३९ टक्क्यांना. रेडिएशन जोडलं तिथे १४ टक्क्यांना. म्हणजे सुरीचं काम कमी झालं, पण शेजारी दुसरा कुणी उभा राहिला म्हणून ते कमी करता आलं.

आता तुमचा प्रश्न. किमो आधी दिली काय आणि नंतर दिली काय, याची चाचणी त्याच गटाने १९८८ साली दीड हजार बायकांवर सुरू केली. आयुष्यात फरक पडला नाही. म्हणजे आधी किमो दिल्याने तुमच्या आईचं नुकसान होत नाही, हे मामांना छातीठोक सांगा. उलट गाठ आकसली तर स्तन वाचवता येतो. आणि हर-टू प्रकारात आणखी एक फायदा आहे, तो मला सगळ्यात मोठा वाटतो: गाठ अंगात असताना औषध दिलं की औषध लागू पडतंय का ते डोळ्यांनी दिसतं. गाठ काढून टाकल्यावर औषध दिलं तर ते हवेत गोळ्या झाडणं झालं. लागल्या की नाही, कळायचं कसं?

एकच गोष्ट आजच विचारा. किमो सुरू व्हायच्या आधी गाठीत आणि काखेतल्या गाठीत मार्कर क्लिप टाकणार आहेत का? तांदळाच्या दाण्याहून लहान धातूचा तुकडा असतो. गाठ किमोने पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा सापडायला तोच एक खुंटा.

---

कर्वेनगरची_चिमणी | १० जानेवारी, सकाळी ९:०५

डॉक्टर, हे प्रिंट काढून मामांना वाचायला दिलंय. क्लिपचं कुणी बोललं नव्हतं. आत्ताच फोन करते.

---

धायरी_फाटा | १० जानेवारी, सकाळी १०:३०

आमच्याकडे बरोब्बर उलटं झालं, म्हणून लिहितो. धागा वाचून कुणी सगळ्याच कॅन्सरला "आधी किमो द्या" म्हणत बसू नये.

माझी आत्या, वेल्ह्याकडची, ५५ वर्षांची. वीस-पंचवीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री. खालच्या हिरडीला आणि गालाला लागून जखम. इथे डॉक्टरांनी एक दिवसही वाया घालवला नाही. तोंडाच्या कॅन्सरला सर्जरीच पहिली, असं स्पष्ट सांगितलं. जबड्याचा तुकडा काढला, आणि मानेत हाताला गाठ लागत नसतानाही मानेतल्या गाठी साफ केल्या. आम्ही विचारलं, मान कशाला चिरली? तर टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाचा २०१५ चा अभ्यास सांगितला. लवकरच्या टप्प्यातल्या रुग्णांत मान आधीच साफ केली तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, गाठ वर येईपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. हा आपल्याकडचा अभ्यास, आपल्या मिश्री-गुटख्याच्या तोंडांवरचा, आणि जगाने मानला.

जबड्याच्या जागी पायातलं हाड बसवलं. नडगीशेजारचं बारीक हाड, रक्तवाहिनीसकट. एक टीम तोंडात आणि दुसरी पायाशी, सकाळी ८ ला आत नेलेली आत्या संध्याकाळी ७ ला बाहेर आली. नंतर ३० शेक (आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात). ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू झाले पाहिजेत, हे डॉक्टर पहिल्या दिवसापासून बजावत होते. शेकाआधी खराब दात काढून घ्यायचे होते, ते ऑपरेशनच्या टेबलवरच उरकले. नंतर काढले तर हाड सडायची भीती.

आता आत्या भाकरी दुधात कुस्करून खाते. तोंड दोन बोटं उघडतं, त्यासाठी रोज आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून व्यायाम. दर आठवड्याला एक काडी वाढवायची. सरपंच झाल्यासारखी सगळ्या गावाला दाखवते, "आज अकरा बसल्या!"

---

सत्यशोधक_७१ | १० जानेवारी, दुपारी १:१५

सगळं ठीक आहे, पण आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलंय. कॅन्सरला सुरी लागली की तो भडकतो. हात लावलेले वर्षात गेले. न लावलेले चार वर्षं काढून गेले. बायॉप्सी तर करूच नये.

---

निवृत्त_चिमटा | १० जानेवारी, दुपारी ३:४०

सत्यशोधकराव, तुमच्या भागातल्या लोकांनी पाहिलं ते खोटं नाही, लावलेला अर्थ खोटा आहे. पूर्वी माणूस दवाखान्यात यायचाच मुळी पोटात पाणी झाल्यावर. पोट उघडलं, आतलं बघितलं, मिटलं. गेला तो आजाराने, नाव लागलं सुरीचं.

बायॉप्सीशिवाय उपचार म्हणजे आरोपीचं नाव माहीत नसताना फाशी. चिमणीताईंच्या आईला कुठलं औषध द्यायचं ते त्या सुईनेच सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी काही पेशी सुटत असतील का, हा प्रश्न मात्र मूर्खपणाचा नाही. तो शास्त्रज्ञांनाही पडला. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने त्यावर साधी युक्ती केली. दातवाला भूल द्यायला वापरतो ते लिग्नोकेन, स्तनाच्या गाठीभोवती ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी टोचायचं. सुमारे १६०० बायका, देशातली ११ केंद्रं. पाच वर्षांनी जिवंत होत्या टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के, न टोचलेल्यांपैकी ८६.४. २०२३ मध्ये छापून आलं. म्हणजे भीतीत तथ्य असेल तितकं मोजलं आणि त्यावर उपाय काढला. सुरी टाकून दिली नाही.

त्याच बडव्यांच्या गटाने २०१५ मध्ये हेही दाखवलं की स्तनाचा कॅन्सर आधीच हाडांत-यकृतात गेलेला असेल तर स्तनातली मूळ गाठ कापून आयुष्य वाढत नाही. ३५० बायकांचा अभ्यास होता. तिथे सुरी खाली ठेवायची. एकाच माणसाने दोन्ही सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसतो.

---

संपादक | १० जानेवारी, सायंकाळी ५:००

गोमूत्र आणि कडू बदामावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयावर राहा.

---

चांदणी_चौकात_हरवलेला | १० जानेवारी, रात्री ९:२५

मी घाईचं फळ भोगलंय. हॉस्पिटलचं नाव विचारू नका.

धाकटा भाऊ, २९ वर्षांचा. मांडीत लिंबाएवढी गाठ, दुखत नव्हती. जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात दाखवलं. "चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासाचं काम." एमआरआय नाही, सुईची तपासणी नाही. काढली, टाके घातले, संध्याकाळी घरी. गाठ तपासायला पाठवली होती एवढंच नशीब. दहा दिवसांनी रिपोर्ट: सार्कोमा (स्नायू-चरबीसारख्या भागातला कॅन्सर), आणि कडेपर्यंत पेशी.

मग मोठ्या ठिकाणी गेलो. तिथल्या सर्जन बाईंनी पॅन्ट वर करायला लावली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "आडवा." मला कळेना. मग त्यांनी पेनने मांडीवर काढून दाखवलं. हातापायातल्या गाठीचा छेद नेहमी उभा घ्यायचा, कारण दुसऱ्या ऑपरेशनला तो व्रण कातडीसकट काढावा लागतो. उभा असेल तर स्नायूच्या पट्टीबरोबर निघून जातो. आडवा असेल तर दोन्ही बाजूंचं निरोगी मांसही जातं. अर्ध्या तासाच्या कामाने आमचं सहा तासांचं ऑपरेशन, कातडी रोपण आणि रेडिएशन करून ठेवलं.

भाऊ चालतो, बाइक चालवतो. पण त्या बाई म्हणाल्या होत्या, आधी आला असतात तर आम्ही पाचजण बसून ठरवलं असतं. तो पहिला छेद परत घेता येत नाही. चिमणी, तुझा सर्जन "आत्ता नाही" म्हणाला ना, त्याला चहा पाज.

---

फॉर्मॅलीन_आणि_चहा | ११ जानेवारी, सकाळी ११:००

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. तुम्ही सगळे सर्जन आणि किमोवाल्यांचं बोलताय, आम्ही बादलीपलीकडचे.

स्तनाचा तुकडा आमच्याकडे येतो तेव्हा त्याला दोरे असतात. आमच्याकडे आखूड दोरा म्हणजे वरची बाजू, लांब दोरा म्हणजे काखेकडची. मग मॅडम त्याला चारी बाजूंनी वेगवेगळ्या रंगाची शाई लावतात आणि पावासारख्या चकत्या करतात. मायक्रोस्कोपखाली शाईला कॅन्सरच्या पेशी टेकलेल्या दिसल्या तर कड बाधित. कुठल्या रंगाची शाई, त्यावरून पुन्हा कुठे कापायचं ते कळतं. दोरा लावायला सर्जन विसरला की आमच्यासमोर नुसता गोळा. वर-खाली काहीच नाही.

दोन विनंत्या. एक, तुकडा लगेच पुरेशा फॉर्मॅलीनमध्ये गेला पाहिजे. रात्रभर कोरडा राहिलेला नमुना आला की हर-टूची तपासणी भरवशाची राहत नाही. दोन, डिस्चार्जनंतर स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवा. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी, त्यात आईचा तुकडा असतो. दुसरं मत घ्यायला मुंबईला गेलात की पहिल्यांदा तेच मागतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हसू नका, एकांनी ठेवली होती, वितळली.

---

बिबवेवाडी_बसस्टॉप | ११ जानेवारी, रात्री ८:१०

शेजारच्या काकांना गुदाशयाचा, अगदी खाली. पोटावर कायमची पिशवी लागणार म्हणून त्यांनी घरच्यांना न सांगता मृत्युपत्र करून टाकलं होतं. आधी रेडिएशन आणि किमो दिली. एमआरआय आणि दुर्बिणीत गाठ सापडेना. मग डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये ठरलं, तूर्त ऑपरेशन नाही, नजर ठेवायची. ब्राझीलच्या आंजेलिता हाब्र-गामा या सर्जन बाईंनी ही वाट पाडली म्हणे. दर तीन महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण, एमआरआय. दीड वर्ष झालं. काका तारखा चुकवत नाहीत, कारण परत उगवली तर ऑपरेशन ठरलेलंच आहे. मृत्युपत्र मात्र बदललं नाही, त्यावर काकू अजून चिडलेल्या.

---

पैशाचं_बोला | १२ जानेवारी, सकाळी ९:४०

कुणीच लिहिलं नाही म्हणून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, रेडिएशन तिन्ही येतात, पण हॉस्पिटल योजनेत आहे का आणि त्या विशिष्ट उपचाराला मंजुरी आहे का ते आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. ॲडमिट झाल्यावर पळापळ करू नका.

---

कर्वेनगरची_चिमणी | १६ मार्च, रात्री १०:१५

धागा वर आणतेय. तीन किमो झाल्या. क्लिप टाकून घेतल्या होत्या, दोन्ही ठिकाणी. गाठ हाताला जेमतेम लागते. आईचे केस गेले, चव गेली, पण शब्दकोडं सुटलं नाही की चिडचिड शिल्लक आहे. दर तीन महिन्यांनी हृदयाची टूडी इको करतात. मामा आता फोनवर "पिल्लांचं काय झालं?" असं विचारतात.

---

कर्वेनगरची_चिमणी | १० जून, रात्री ९:५०

परवा ऑपरेशन झालं. स्तन वाचला. फक्त क्लिपभोवतीचा भाग काढला.

काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या नाहीत. आदल्या दिवशी एक इंजेक्शन आणि टेबलावर निळा रंग टोचला, तो आधी ज्या गाठींत पोचला त्या तीन आणि क्लिपवाली, एवढ्याच काढून लगेच तपासायला पाठवल्या. अर्ध्या तासात "स्वच्छ" असा निरोप आला, म्हणून उरलेली काख तशीच ठेवली. हात सुजायचा धोका त्यामुळे खूप कमी होतो म्हणाले. डॉक्टर, मला तुमच्या पदराखाली हात झाकणाऱ्या आजी आठवल्या.

एक गंमत. दुसऱ्या दिवशी आईने बाथरूममधून किंकाळी मारली. लघवी हिरवी! निळ्या रंगाचं कुणी आधी सांगितलंच नव्हतं. नर्स म्हणाली, "अहो आजी, सगळ्यांना होते, दोन दिवसांत जाईल." आई म्हणाली, "सगळ्यांना होते तर सगळ्यांना सांगा की."

---

कर्वेनगरची_चिमणी | २४ जून, रात्री ८:३०

रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, काख स्वच्छ. पण स्तनात ५ मिलिमीटर जिवंत आजार उरलाय. मी रडले. सर्जन म्हणाले बोर्डात (सगळ्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये) परत ठेवतो. वाईट आहे का हे?

---

निवृत्त_चिमटा | २४ जून, रात्री १०:०५

४ सेंमीचे ५ मिलिमीटर झाले, त्याला वाईट म्हणत नाहीत. पूर्ण गेला असता तर जास्त आवडलं असतं, हेही खरं.

जानेवारीत मी म्हटलं होतं ना, औषध लागू पडतंय का ते दिसतं. ते आत्ता दिसलं. आधी ऑपरेशन केलं असतं तर या ५ मिलिमीटरची खबर कुणालाच लागली नसती आणि वर्षभर तेच हर-टूचं इंजेक्शन चालू राहिलं असतं. आता बोर्ड बहुधा औषध बदलेल. हर-टूच्या इंजेक्शनला किमोचा रेणू चिकटवलेलं टी-डीएम-वन मिळतं. अशाच, आजार उरलेल्या १४८६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०१९ ला छापली. तीन वर्षांनी आजार न परतलेले ८८.३ टक्के, जुन्याच इंजेक्शनवर राहिलेल्यांत ७७. दर तीन आठवड्यांनी, १४ डोस. देशी कंपनीचंही मिळतं आता, त्यामुळे किंमत पूर्वीइतकी जीवघेणी नाही. बरोबरीने रेडिएशन.

---

कर्वेनगरची_चिमणी | १ जुलै, सायंकाळी ७:२०

बोर्डाने तेच सांगितलं, अगदी १४ डोससकट. रेडिएशन सोमवारपासून, १५ दिवस. मामा म्हणाले, "काढली ना एकदाची? मग आता काय उरलंय?" त्यांना परत प्रिंट काढून दिली.

प्रश्न: रेडिएशनला सकाळचा नंबर घ्यावा की दुपारचा? कर्वे रस्त्याने जायचंय, पावसाळा आहे, आणि डावा हात डोक्यावर धरून झोपायला तिला अजून जमत नाही.

---

धायरी_फाटा | १ जुलै, रात्री ८:००

सकाळी ७:३० चा मागा. मशीन बंद पडलं तर दुपारपर्यंत दुरुस्त होऊन त्याच दिवशी नंबर लागतो. दुपारवाले उद्यावर जातात. हातासाठी आजपासून भिंतीला बोटं चालवायला लावा, रोज एक पेन्सिलची रेघ वर. आत्याच्या काड्यांसारखंच.